द्वारपाल जागा आहे

१ सप्टेंबर २०२५, सोमवार

मेल आला. ऑक्टोबरअखेर मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टीम अपग्रेड करायची. अमेरिकेतली विमा कंपनी, तिचं ते कपाटाएवढं जुनं मशीन, आणि त्याची नाडी हातात असलेला माणूस नगरला सावेडीत, मागच्या खोलीत. म्हणजे मी.

मेलमध्ये माझं नाव नवव्या नंबरला आहे. नाटकाच्या जाहिरातीतही मोठ्या नटाचं नाव 'आणि' लावून शेवटीच येतं.

ही रोजनिशी फक्त माझ्यासाठी. तरीही नीट लिहिणार आहे. पूर्वी कोड लिहिताना बाजूला नीट टिपा लिहिल्या नाहीत, त्याचा फार त्रास होतो.

संकल्प: पहाटे फिरायला जाणे. चहा दोनच. कोणावर चिडायचं नाही. दसऱ्याच्या आत द्वारपाल नव्या सिस्टीमवर उभा करायचा.

(पहिला चहा सात वाजता झाला. दुसरा मेल वाचताना. तिसरा धरायचा नाही, तो पाहुण्यांबरोबर होता.)

३ सप्टेंबर, बुधवार

मीटिंग. मन विटलं.

गौहर म्हणाली, अपग्रेडच्या निमित्तानं द्वारपाल काढून टाकू या. सर्वांसमोर म्हणाली. हिला मी शिकवलं. मुकुंदनगरहून स्कूटीवर यायची माझ्याकडे, मेनफ्रेमचा 'म' माहीत नव्हता. आता टीमची लीड आहे, दोन मुलांची आई आहे, आणि मला अजून सर म्हणते. सर म्हणून वार करते.

द्वारपाल हा माझा कोड. मशीन बनवणाऱ्या कंपनीनं सिस्टीममध्ये काही ठिकाणी जागा मोकळ्या ठेवलेल्या असतात. तिथे आपल्याला हवा तो कोड घालता येतो. मी दारातच घातला. कोणतंही काम मशीनवर चढायच्या आधी द्वारपाल बघतो: नाव नियमात आहे का, खातं बरोबर आहे का. नसेल तर माघारी. नाव ठेवायला आठच अक्षरं मिळतात, त्यात DWARPAL बसवलं. अमेरिकन लोक 'ड्वॉर्पल' म्हणतात. म्हणोत.

प्रत्येक अपग्रेडला सिस्टीम आतून बदलते, मग द्वारपाल नव्यानं बसवावा लागतो. हे काम जगात एकच माणूस करू शकतो.

गौहरचं म्हणणं, ही सोय आता सिस्टीममध्ये तयार मिळते, चार ओळींचा नियम लिहिला की झालं. मी हसलो. म्हटलं, इतक्या वर्षांत द्वारपालाबद्दल एक तरी तक्रार आली आहे का? तिनं पुढचा विषय काढला. शहाण्याला शब्दाचा मार.

६ सप्टेंबर, शनिवार

घरात अपग्रेडचे नियम लागू केले. मागच्या खोलीत कोणी यायचं नाही. पाहुणे नकोत. मिक्सर माझी मीटिंग नसताना. बायको, सत्यशीला, म्हणाली, बरं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, तिला शिस्तीची किंमत कळते. इतक्या वर्षांत तिनं एकदाही कुरकुर केली नाही. मला वाटतं तिला माझा अभिमान आहे.

फिरायला गेलो नाही. कुत्री.

११ सप्टेंबर, गुरुवार

नवं संकट. मी नोकरी करतो त्या पुण्याच्या कंपनीचा हुकूम: दिवाळीनंतर सर्वांनी पुण्याच्या ऑफिसात परत यायचं. घरून काम बंद. फक्त 'ज्यांच्याविना काम अडेल' अशांना सूट.

बावन्नाव्या वर्षी मी पुण्यात पोरांबरोबर खोली करून राहू? सत्यशीलाची नोकरी इथे. घर इथे. माझी खुर्ची इथे, पाठीचा आकार तिला पडलेला.

सूट मिळावी म्हणून लगेच अर्ज भरला. कारण लिहिलं: द्वारपाल. एकच शब्द. म्हणजे आता सरळ हिशोब आहे, द्वारपाल राहिला तर मी घरी राहीन. गौहरला हे माहीत असणारच. तिचा डाव आता कळतो.

१५ सप्टेंबर, सोमवार

द्वारपाल उघडला. जुन्या मित्राला भेटल्यासारखं वाटलं. आधी ओळखच पटेना.

मधोमध माझीच टीप आहे: 'इथे हात लावू नये.' का, ते लिहिलेलं नाही. तासभर पाहिलं. हे मी का केलं ते आठवत नाही, पण ज्या अर्थी केलं त्या अर्थी कारण असणार. हात लावला नाही.

गौहरनं विचारलं, मदत हवी का सर. म्हटलं, नको.

चहा: मोजणं सोडलं. मोजण्यात वेळ जातो.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

टेस्ट मशीनवर द्वारपाल चढवला. टेस्ट मशीन पडलं. पुन्हा सुरूच होईना. त्याच्यावर काम करणारी चाळीस माणसं दिवसभर रिकामी बसली आणि सर्वांनी ग्रुपवर कपाळाला हात लावलेली चित्रं टाकली.

कारणं: (अ) नवी सिस्टीम कच्ची आहे. (ब) गौहरनं मला वेळेत सांगितलं नाही की काही लागलं तर सांगा. सांगितलं होतं, पण सोमवारी. (क) सकाळी लाईट गेली होती. इथली, अमेरिकेतली नव्हे, पण एकाग्रता जाते.

एकंदरीत मशीन द्वारपालासाठी अजून तयार नाही.

गौहरनं मशीन उठवलं. कसं, विचारलं नाही. विचारलं की शिकवायला लागते.

२४ सप्टेंबर, बुधवार

रंगनाथला फोन केला. रंगनाथ म्हणजे माझा जोडीदार. अठरा वर्षं एका टेबलावर बसलो. मी कोड लिहायचो, तो खऱ्या मशीनवर चढवायचा. रिटायर झाला, देवळाली प्रवऱ्याला ऊस आणि पेरू बघतो. तेव्हापासून त्याची भाषाही परत गावाकडे गेली आहे.

म्हटलं, अरे ही पोरगी द्वारपाल काढा म्हणते. वाटलं, पेटून उठेल. तो म्हणाला, जाऊ दे ना काका (माझ्या काकासाहेब नावाचा त्यानं केलेला 'काका'), लई वर्सं झाली त्याला. मी म्हटलं, काय बोलतोस? तर म्हणाला, पेरू चांगला लागलाय, येऊन घेऊन जा.

शेतीनं माणूस बोथट होतो.

१ ऑक्टोबर, बुधवार

जिंकलो!

टेस्ट मशीनवर द्वारपाल चालला! चुकीच्या नावाचं काम टाकलं, निमूट माघारी. शिट्टी नाही, घंटा नाही, संदेश नाही. हा माझा नियमच आहे. चांगला कोड बोलत नाही. आवाज नाही म्हणजे सगळं ठीक. सत्यशीलाला आत बोलावून स्क्रीन दाखवला. तिनं रिकाम्या स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाली, छान आहे.

रंगनाथलाही कळवलं. तो म्हणाला, टेस्टवर चालला ना, मग झालं तर. तिथंच ऱ्हाऊ दे.

एक कल्पना सुचली आहे. फार मोठी आहे. उद्या लिहीन.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

लॅपटॉपची पूजा केली. द्वारपालाची छापील प्रत खाली ठेवली, वर झेंडूचं फूल.

कल्पना अशी: सोमवारच्या मीटिंगमध्ये, क्लायंटचे मोठे साहेब असताना, टेस्ट नव्हे, खऱ्या मशीनवर द्वारपाल दाखवायचा. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चुकीचं काम टाकायचं आणि द्वारपाल ते परत पाठवील. मग बोला म्हणावं.

कळवून टाकलं. गौहरचा लगेच फोन. सर, खऱ्या मशीनवर कशाला, टेस्टवर दाखवा ना. घाबरली.

संध्याकाळी रंगनाथचाही फोन. आपणहून! सोनं घ्या म्हणाला, मग खाकरला, मग म्हणाला, ते सोमवारचं नगं करू काका. ऐक माजं. मी विचारलं, तुला कोणी सांगितलं? तो म्हणाला, कुनी का सांगंना.

म्हणजे गौहरनं त्यालाही फोडला. अठरा वर्षांची मैत्री. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात.

६ ऑक्टोबर, सोमवार

सायंकाळी साडेसहा. त्यांची सकाळ. एकूण तेवीस माणसं. इस्त्रीचा शर्ट घातला होता.

स्क्रीन दाखवला. द्वारपालाचा इतिहास थोडक्यात सांगितला (वीस मिनिटं). मग खऱ्या मशीनवर चुकीच्या नावाचं काम टाकलं.

माघारी आलं. मी ओरडलोच, बघा!

मग स्क्रीनवर अक्षरं उमटली. मीच मोठ्यानं वाचायला लागलो. आपल्या कामाचं नाव नियमात बसत नाही. दुसरं अक्षर अमुक असायला हवं. दुरुस्त करून पुन्हा पाठवावं. अडचण असल्यास हेल्पडेस्कला—

इथे थांबलो. द्वारपाल बोलत नाही.

मोठे साहेब म्हणाले, काका, हा तर तयार मिळणारा नियम आहे, आमच्याकडे केव्हाचा आहे. यात ड्वॉर्पल कुठे आहे? (ते मला काका म्हणतात. काकासाहेब हे पूर्ण नाव त्यांना झेपत नाही.)

मग गौहर म्हणाली, तो खऱ्या मशीनवर बंद आहे. मान खाली घालून म्हणाली. साहेबांनी विचारलं, कधीपासून? तिनं सांगितलं, २०१६.

नेट गेलं म्हणून मी मीटिंग सोडली. नेट गेलं नव्हतं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज कामावर नाही. ताप आहे. थर्मामीटरला कळत नाही तो.

गौहरनं फोनवर सांगितलं. खऱ्या मशीनची सुरुवातीची जी सेटिंग असते, तिथे द्वारपालाची ओळ बंद केलेली आहे. टेस्टवर चालू. म्हणजे मी दर अपग्रेडला महिनाभर खपून जो उभा करत होतो, तो टेस्टवरच उभा होता. खऱ्या दारात नऊ वर्षं कोणी नाही. मी म्हटलं, मला का सांगितलं नाही? ती म्हणाली, सर, मला वाटलं तुम्हाला आतून माहीत असेल. मग म्हणाली, नाही, तसंही वाटलं नव्हतं. मला सांगवलं नाही.

कोणी बंद केला, विचारलं. ते ती बोलेना.

बोलायची गरज नाही. २०१६ च्या अपग्रेडच्या रविवारी मी पाथर्डीला होतो, मेहुण्याच्या लग्नात. खऱ्या मशीनवर एकच माणूस होता.

११ ऑक्टोबर, शनिवार

एसटीनं राहुरी, तिथून रिक्षानं देवळाली. वाटेत चार वाक्यं पाठ केली. शेवटचं होतं: रंगनाथ, तू केसानं गळा कापलास.

तो मळ्यात पेरूच्या झाडाखाली क्रेट भरत होता. मला पाहिलं आणि समजला. म्हणाला, कळलं म्हन की. बस.

एकही वाक्य म्हणता आलं नाही. नुसतं विचारलं, का रे?

सांगितलं त्यानं. त्या रविवारी नवी सिस्टीम चालू केली आणि द्वारपालानं विम्याच्या पैशांची सगळीच कामं माघारी धाडली. एकूणएक. बरोबर नावाची, बरोबर खात्याची. आन बोलत बी न्हाई तो तुजा, म्हणाला. कारन कळंना. मानसं तिकडं दवाखान्यात, बिलं अडकलेली. मग म्या तो बंद केला. गाडी सुरळीत झाली.

म्हटलं, फोन करायचास. म्हणाला, केल्ता. वरातीत हुतास तू, ऐकू येत नव्हतं. सोमवारी आलास त्यो लई खुशीत. पयला सवाल, द्वारपाल कसा हाय? म्या म्हनलं, जागा हाय. एकदा तोंडातून गेलं आन मग बसलंच ते. म्होरल्या अपग्रेडला पुन्ना तूच विचारलंस. आता मागं कसं फिरायचं?

मी विचारलं, मग टेस्टवर चालू का ठेवलास? तो क्रेटमधले पेरू इकडचे तिकडे करत म्हणाला, तुज्यासाठी. तिथं तुला काम करायला बरं पडायचं.

मी त्याला फार बोललो. काय बोललो ते इथे लिहवत नाही. तो ऐकत राहिला. त्याची बायको पाणी घेऊन आली, ती म्हणाली, भाऊजी, त्यांच्यावर नका तापू, सत्यशीलाताईंनीच सांगितलं हुतं की ऱ्हाऊ द्या म्हनून.

पेरूची पिशवी घेतली नाही. रिक्षात बसल्यावर दिसलं, त्यानं आधीच ठेवली होती.

१२ ऑक्टोबर, रविवार

सत्यशीला दिवाळीच्या भाजणीचं धान्य निवडत होती. मी दारात उभा राहून विचारलं, तुला केव्हापासून माहीत आहे?

त्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीपासून, म्हणाली. रंगनाथच्या बायकोनं हळदीकुंकवाला सांगितलं.

म्हणजे आठ वर्षांहून जास्त. माझे नियम पाळत होती, मिक्सर बंद ठेवत होती, रिकाम्या स्क्रीनला छान म्हणत होती. मी म्हटलं, माझी गंमत बघत होतात सगळे मिळून? आवाज चढला माझा. संकल्प क्रमांक तीन मोडला, पण त्याला आता कोण विचारतं.

ती निवडायची थांबली नाही. म्हणाली, अपग्रेड असलं की तुम्ही सकाळी दाढी करता. गुणगुणता. आपल्या लेकीला स्वतःहून फोन लावता. जेवताना भाजी कशी झाली ते सांगता. अपग्रेड नसतं तेव्हा त्या खोलीत दार लावून नुसते बसलेले असता, मला ते बाहेरून कळतं. दोन वर्षांतून दोन महिने माझ्या घरात माणूस असतो. ते मी कशाला मोडू?

आणखीच राग आला. मागच्या खोलीत येऊन दार लावलं, मग तिचं बोलणं आठवून थोडं उघडं ठेवलं.

फार एकटं वाटतंय. शत्रूनं फसवलं असतं तर एवढं लागलं नसतं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

मॅनेजरचा फोन. सूट मिळावी म्हणून केलेला माझा अर्ज मंजूर. पुण्याला यायची गरज नाही!

म्हणजे कंपनीला अजून माझी किंमत आहे. द्वारपाल असो वा नसो. छाती भरून आली. मी म्हटलं, कारण काय लिहिलंत सर? मला ते शब्द ऐकायचे होते.

तो म्हणाला, नवीन ऑफिसात खुर्च्या कमी आहेत. तुम्हाला दिली नाही तरी चालेल असं ठरलं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

द्वारपाल काढायचा दिवस. गौहर म्हणाली, सर, मी त्याला हात लावणार नाही, तुम्हीच काढा. कुठल्या शाळेत शिकली ही एवढी अदब? माझ्याच.

मी म्हटलं, एकदा शेवटचा वाचून घेतो. वाचला. 'इथे हात लावू नये' पाशी आलो. आणि आठवलं. त्या ओळीखालचा सगळा भाग मी २०१६ च्या अपग्रेडसाठी आदल्या वर्षी नव्यानं घातला होता, कोणत्या वर्षी काय तपासायचं याचा, आणि वर्षं २०१५ पर्यंतचीच लिहिली आहेत. पुढचं कुठलंही साल दिसलं की सगळं माघारी. टेस्ट मशीनवर आम्ही तारीख कायम जुनी ठेवतो, म्हणून तिथे तो चालायचा.

रंगनाथला कळवायला फोन उचलला. ठेवला. काय सांगणार?

काढला. मशीननं 'झालं' एवढंच लिहिलं. सर, जेवण झालं का, गौहरनं विचारलं. हो म्हटलं. झालं नव्हतं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

दिवाळी झाली. लेक येऊन गेली. मीच फोन करून बोलावली होती, कोणाच्या सांगण्यावरून नाही.

नवा संकल्प: रविवारी अपग्रेड आहे, त्यात लक्ष घालायचं नाही. माझा संबंध नाही. बघू द्या त्यांना, अनुभवी माणसाशिवाय कसं होतं ते. फोन येईल. आला की लगेच उचलायचा नाही. तिसऱ्या रिंगला.

२६ ऑक्टोबर, रविवार

सकाळी आठला दाढी केली. इस्त्रीचा शर्ट. फोन शंभर टक्के चार्ज.

साडेआठला काम सुरू झालं. मी मीटिंगमध्ये हजर झालो, नुसता ऐकायला. गौहरनं सगळ्यांना सांगितलं, सर आलेत, बरं झालं. अमेरिकेतला एक माणूस म्हणाला, हॅलो काका. मी माईक बंद ठेवला, कोणी विचारलं की चालू करायचा म्हणून बोट बटणावर.

दहाला नवी सिस्टीम उठली. पहिल्याच दमात. सव्वादहाला कामं सोडली. चुकीची परत आली, बरोबर पुढे गेली. मी श्वास रोखून बसलो होतो. अकरा. बारा. काहीतरी अडेल असं वाटत होतं. खरं लिहायचं तर काहीतरी अडावं असं वाटत होतं.

मोठे साहेब शेवटी बोलले. गौहरचं अभिनंदन केलं. मग म्हणाले, आणि काकांचे आभार. एवढं सुरळीत अपग्रेड आमच्याकडे कधी झालं नव्हतं. टाळ्या वाजल्या. मी माईक चालू करून थँक यू म्हटलं, पण तोवर एकेक जण बाहेर पडत होता.

गौहर राहिली. म्हणाली, सर, मी निघू का, पोरं जेवायची थांबलीत. म्हटलं, निघ. मी आहे अजून थोडा वेळ, काही लागलं तर. बरं सर, म्हणाली आणि गेली.

मशीनवर कामं चढत होती, उतरत होती. बघत बसलो. पंधरा-वीस मिनिटांनी स्क्रीनवर चौकट आली: या मीटिंगमध्ये तुमच्याशिवाय कोणी नाही. थांबायचं आहे का?

हो दाबलं.

सत्यशीलानं बाहेरून विचारलं, संपलं का, पानं घेऊ का. मी म्हटलं, नाही, अजून चालू आहे. ती म्हणाली, चालू द्या, मी थांबते.